जुनी स्की बोट : कोणते सुटे भाग जवळ ठेवावेत?

अमेरिकेतील मिनेसोटा राज्य स्वतःला ‘दहा हजार सरोवरांची भूमी’ म्हणवून घेते; तेथील मोटारींच्या नंबरप्लेटवरही हेच बिरुद असते. या राज्याच्या सीमेवरील पेपिन सरोवरात १९२२ च्या उन्हाळ्यात राल्फ सॅम्युएल्सन या १८ वर्षांच्या तरुणाने पायांना दोन लाकडी फळ्या बांधल्या, मोटारबोटीमागे दोर सोडला आणि त्या दोराला धरून तो पाण्यावर उभा राहिला. वॉटर स्कीइंग या खेळाचा जन्म तेथे झाला, असे मानले जाते. पुढे या खेळासाठी खास बोटी बांधल्या जाऊ लागल्या. फ्लोरिडातील ‘करेक्ट क्राफ्ट’ या १९२५ साली स्थापन झालेल्या कंपनीने १९६१ मध्ये ‘स्की नॉटिक’ बाजारात आणली; १९६८ मध्ये टेनेसी राज्यात ‘मास्टरक्राफ्ट’ उभी राहिली.

या आणि अशा कंपन्यांनी १९७० व १९८० च्या दशकांत बांधलेल्या अनेक बोटी आजही अमेरिकेच्या सरोवरांवर धावताना दिसतात. फायबरग्लासचा सांगाडा गंजत नाही, इंजिन मोटारीच्या घराण्यातले आणि दणकट असते. शिवाय नव्या स्की बोटीची किंमत लाख डॉलरच्या पुढे गेली असताना तीस-चाळीस वर्षांची बोट त्या रकमेच्या लहानशा अंशात मिळते. हौशी कुटुंबांचा कल जुन्या बोटीकडे वळतो, तो यामुळेच.

प्रश्न उभा राहतो तो बोट बंद पडल्यावर. मोटार बंद पडली तर ती रस्त्याच्या कडेला लावून मदतीची वाट पाहता येते. सरोवराच्या मध्यावर कडेला लावणे हा प्रकारच नसतो. वारा बोटीला खडकांकडे ढकलत असतो, मागे पाण्यात स्की घातलेला माणूस तरंगत असतो आणि सूर्य मावळतीला आलेला असतो. त्यातच उत्तरेकडील राज्यांत हंगाम आखूड. काही सरोवरांवर एप्रिल संपेपर्यंत बर्फ टिकते आणि सप्टेंबर उजाडला की पाणी पुन्हा गारठू लागते. अशा वेळी एका रबरी चक्रीसाठी आठवडाभर टपालाची वाट पाहत बसणे म्हणजे उन्हाळ्याचा मोठा हिस्सा गमावणे होय. म्हणूनच कोणते भाग बोटीतच ठेवावेत, कोणते घरी आणि कोणते मुळीच साठवू नयेत, याचा विचार हंगामापूर्वी झालेला बरा.

मधोमध बसलेले इंजिन

अशा बोटीत इंजिन मागील बाजूस टांगलेले नसते. ते बोटीच्या मधोमध एका पेटीखाली बसविलेले असते. इंजिनाला जोडून गिअरबॉक्स, तेथून तिरका उतरत तळातून बाहेर पडणारा सरळ शाफ्ट, शाफ्टच्या टोकाला प्रोपेलर आणि त्याच्या मागे सुकाणू, अशी ही रचना असते. दोर बांधण्याचा खांबही बोटीच्या मध्याजवळच असतो. वजन मध्यावर असल्याने मागे उठणारी लाट लहान राहते आणि ती कापत या बाजूचे त्या बाजूला जाणे स्की खेळणाऱ्याला सोपे होते. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला जाणाऱ्या लाँचमध्येही इंजिन असे बोटीच्या पोटातच असते. फरक इतकाच, की लाँच डिझेलवर चालते आणि स्की बोट पेट्रोलवर. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

जुन्या स्की बोटींत प्रामुख्याने दोन इंजिने आढळतात. एक, १९६९ पासून बनू लागलेले फोर्डचे ३५१ घन इंचांचे, म्हणजे ५.८ लिटरचे ‘विंडसर’ आणि दुसरे, १९६७ पासूनचे शेव्हरोलेचे ३५० घन इंचांचे, म्हणजे ५.७ लिटरचे. दोन्ही आठ सिलिंडरची. मोटार कंपनीकडून आलेल्या या इंजिनांवर ‘पीसीएम’, ‘इंडमार’ यांसारख्या कंपन्या पाण्याचे शीतकरण, एक्झॉस्टचे मॅनिफोल्ड, बोटीसाठीचा कार्ब्युरेटर व विजेची सामग्री चढवीत. यामुळे सुट्या भागांचे दोन वर्ग पडतात. इंजिनाच्या पोटातले अनेक भाग मोटारीच्या दुकानात मिळतात. अंगावरचे भाग मात्र बोटीच्याच दुकानातून घ्यावे लागतात.

येथे एक मेख आहे. काही जुन्या बोटींतील इंजिने मोटारीच्या इंजिनाच्या उलट दिशेने फिरतात. अशा इंजिनाचा स्टार्टर वेगळा, कॅमशाफ्ट वेगळा, पाणी खेळविणारा पंप वेगळा आणि ठिणगीचा क्रमही वेगळा असतो. नेहमीच्या ३५१ विंडसरमध्ये सिलिंडर १-३-७-२-६-५-४-८ या क्रमाने पेटतात. उलट फिरणाऱ्यात हाच क्रम १-८-४-५-६-२-७-३ असा होतो. जुन्या बोटीच्या मालकाने ही गोष्ट ठाऊक नसताना स्टार्टर मागविला, तर पार्सल हाती पडते पण बोट चालू होत नाही. त्यामुळे खरेदीपूर्वी इंजिनावरील पट्टीचा क्रमांक, फिरण्याची दिशा, गिअरबॉक्सचा क्रमांक व गुणोत्तर, कार्ब्युरेटरवर कोरलेला क्रमांक आणि पाण्याच्या पंपाचा नमुना एका वहीत टिपून ठेवणे आवश्यक ठरते. एकाच वर्षी बांधलेल्या दोन सारख्या बोटींतही पंप वेगवेगळे निघू शकतात.

पहिला मान इम्पेलरचा

बोटीत एकच सुटा भाग ठेवायचा झाला, तर तो म्हणजे पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर. तळहातात मावेल एवढी ही रबरी चक्री. तिला मधल्या तुंब्याभोवती लवचिक पाकळ्या असतात. पंपाच्या घराचा एक भाग किंचित आत आलेला असतो. तेथून जाताना पाकळ्या वाकतात, पुढे पुन्हा ताठ होतात आणि या वाकण्या-ताठण्यातूनच सरोवराचे पाणी आत ओढले जाते. ते पाणी गिअरबॉक्सचे तेल थंड करते, इंजिनात खेळते आणि शेवटी एक्झॉस्टच्या धुरात मिसळून मागून बाहेर पडते. मोटारीत असतो तसा रेडिएटर येथे नसतो.

या चक्रीला वंगण लागते ते पाण्याचेच. बोट ट्रेलरवर असताना नुसते ‘इंजिन सुरू होते का ते पाहू’ म्हणून चावी फिरविली आणि नळाचे पाणी जोडलेले नसले, तर थोड्याच वेळात पाकळ्या घर्षणाने भाजतात. कधी त्या लगेच तुटत नाहीत. पुढच्या फेरीत, भर सरोवरात तुटतात. तापमानाचा काटा चढू लागतो, तो तेव्हा.

काटा चढला की इंजिन त्वरित बंद करावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. दुसरी बाजू मात्र अनेकांच्या ध्यानात येत नाही. या बोटींचे एक्झॉस्टचे नळ रबरी असतात आणि धुराबरोबर वाहणाऱ्या पाण्यामुळेच ते जळत नाहीत. पाणी थांबले की तापलेला धूर थेट रबरावर येतो. हे नळ बोटीच्या मागच्या भिंतीतून पाण्याच्या पातळीजवळ बाहेर पडतात. नळ जळून फाटला तर आत पाणी येण्यास वाट होते. म्हणजे एका चक्रीपायी इंजिन, एक्झॉस्ट आणि प्रसंगी बोट, तिन्ही धोक्यात येतात. ज्या इंजिनाची दुरुस्ती काही हजार डॉलरांत जाते, ते एका स्वस्त रबरी तुकड्यावर विसंबलेले असते.

बोटीतील डब्यात इम्पेलरसोबत त्याच्या झाकणाचे गॅस्केट किंवा रबरी कडे आणि झाकणाचे दोन-तीन जादा स्क्रू हवेत. हे स्क्रू हातातून निसटून इंजिनाखालच्या काळोखात जातात आणि तेथून परत येत नाहीत. पाकळ्यांना लावण्यास थोडे भांडी घासण्याचे द्रवरूप साबण किंवा ग्लिसरीन पुरते. पेट्रोलियम ग्रीस रबराला मानवत नाही. जुनी चक्री काढल्यावर तिच्या पाकळ्या मोजाव्यात. एखादी कमी भरली, तर तो तुकडा पुढे कोठे तरी, नळीच्या वाकणावर किंवा थर्मोस्टॅटच्या घरात अडकलेला असणार. तो न शोधता नवी चक्री बसविली, तर काटा पुन्हा चढतो आणि दोष नव्या चक्रीच्या माथी जातो. शेवाळाने भरलेल्या सरोवरात पंपाइतकाच संशय गिअरबॉक्सच्या तेलाच्या कूलरवर घ्यावा. ज्या रचनेत पाणी प्रथम त्यातून जाते, तेथे त्याच्या तोंडाशी गवताचा बोळा बसतो.

अनेक इंजिनांत हा पंप पट्ट्यावर चालतो. त्यामुळे इम्पेलरच्या जोडीला पट्टा हवाच. मोटार बनविणाऱ्यांचा पट्टा मापात बसतो खरा. तरी तो आधी एकदा बसवून, ताणून पाहिलेला असावा. अर्धा इंच आखूड पट्टा डब्यात असून नसल्यासारखाच. तो बदलण्यास लागणारे पाने त्याच डब्यात, पट्ट्यालाच बांधून ठेवण्याची काही जाणत्या मालकांची रीत अनुकरणीय म्हणावी लागेल.

ठिणगी हरवते तेव्हा

काटा स्थिर आहे, पेट्रोल आहे, स्टार्टर फिरतो आहे, पण इंजिन पेटत नाही, हा जुन्या बोटीतील दुसरा नेहमीचा प्रसंग. येथे बहुधा डिस्ट्रिब्यूटरकडे पाहावे लागते. १९८० च्या दशकापर्यंतच्या कित्येक बोटींत पॉइंट व कंडेन्सरची जुनी पद्धत होती. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर ज्यांनी फियाट किंवा अॅम्बॅसिडर चालविली आहे, त्यांना पॉइंट घासण्याचा विधी आठवत असेल. सरोवरावर त्यात दमटपणाची भर पडते. इंजिनाच्या बंद पेटीत गरम हवा व पाण्याची वाफ एकत्र नांदतात. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीच्या आत बारीक भेग किंवा कार्बनची रेघ उमटली की ठिणगी भलत्याच वाटेने जाते.

यासाठी बोटीत टोपी, रोटर, पॉइंट, कंडेन्सर आणि पॉइंटमधील फट मोजण्याची पातळ पट्टी असावी. कॉइल घरी असली तरी चालते; परंतु तापल्यावर बंद पडणारे आणि थंड झाल्यावर पुन्हा सुरू होणारे इंजिन असेल, तर संशयित कॉइलच असते आणि ती बोटीत असणे सोयीचे.

बरेच मालक पॉइंट काढून त्या जागी इलेक्ट्रॉनिक संच बसवितात. हा बदल चांगला आहे. ठिणगी जोमदार व नेमकी मिळते. मात्र पॉइंट मरताना आधी कुरकुरतात, इलेक्ट्रॉनिक संच पूर्वसूचना न देता मरतो. इंजिन बंद असताना चावी चालू राहिली, तर काही जुन्या नमुन्यांचे संच त्यानेच जळतात. म्हणून काढलेले जुने पॉइंट फेकून न देता, त्यांच्या स्क्रूंसह एका पुडीत घालून बोटीत ठेवावेत. ते त्या इंजिनावर चालत होते, याची खात्री असते. दुकानातून आणलेल्या, कधीच न बसविलेल्या भागाविषयी तशी खात्री देता येत नाही.

हाच न्याय टोपी व रोटरलाही लागू आहे. नवी टोपी आणली की ती बसवावी, तासभर बोट चालवावी आणि उतरविलेली, चालू स्थितीतील जुनी टोपी डब्यात ठेवावी.

सारखे दिसतात, सारखे नसतात

इंजिन मोटारीचे आहे, मग स्टार्टर, अल्टरनेटर, डिस्ट्रिब्यूटर, पेट्रोलचा पंप हे भाग मोटारीच्या दुकानातून का घेऊ नयेत? किमतीत मोठा फरक असतो, बोल्टांची छिद्रेही तंतोतंत जुळतात. हा मोह जुन्या बोटींच्या बाबतीत सर्वाधिक घातक आहे.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीच्या बॉनेटखाली गळलेले पेट्रोल खाली रस्त्यावर पडते आणि वाफ वाऱ्याने पसरते. बोटीला तळ असतो. तेथे वाफ साचून राहते, वरून इंजिनाची पेटी झाकलेली असते. अशा बंद जागेत स्टार्टरच्या ब्रशांतून किंवा अल्टरनेटरमधून उडालेली एक ठिणगी स्फोटास पुरेशी ठरते. म्हणूनच बोटीसाठीचे विजेचे भाग असे बनविलेले असतात की आत ठिणगी पडली तरी तिची ज्वाला बाहेर येऊ नये. अमेरिकेच्या संघराज्य नियमांनुसार पेट्रोल इंजिनाच्या कप्प्यातील विजेच्या भागांना हे संरक्षण असावे लागते. भागावर ‘एसएई जे११७१’ अशी खूण आढळते. सुटा भाग घेताना प्रथम ही खूण पाहावी, किंमत नंतर.

फोर्ड इंजिनांतील स्टार्टरचा सोलेनॉइड हे याचे ठळक उदाहरण. बोटीचा आणि मोटारीचा सोलेनॉइड शेजारी ठेवले तर नवख्याला ओळखता येणार नाहीत. हा भाग तसा वारंवार बिघडणारा, आकाराने लहान आणि बदलण्यास सोपा. तेव्हा बोटीसाठीचाच एक सोलेनॉइड आधी घेऊन ठेवावा. तो जवळ नसला की ऐन सुटीच्या दिवशी गावातील मोटारीच्या दुकानाकडे पावले वळतात आणि ‘तात्पुरता’ म्हणून बसविलेला भाग पुढील दहा वर्षे तसाच राहतो.

इंधनाच्या बाजूसही हेच सूत्र आहे. मोटारीच्या यांत्रिक पंपात एक पडदा असतो. तो फाटला की पेट्रोल बाहेर गळते. बोटीच्या पंपात दोन पडदे असतात आणि त्यांच्या मधून एक पारदर्शक नळी कार्ब्युरेटरकडे जाते. पहिला पडदा फाटला तर पेट्रोल या नळीत दिसू लागते. नळीत पेट्रोल दिसले की पंप बदलावा. दुसरा पडदा आहे म्हणून हंगाम काढू नये. हा पंप घरच्या कपाटात असावा. कार्ब्युरेटरमध्येही असाच फरक असतो. होली कंपनीचा चार तोंडांचा ‘४१६०’ हा जुन्या स्की बोटींत सर्रास आढळणारा नमुना. त्याच्या बोटीसाठीच्या आवृत्तीत भांडे भरून वाहू लागले तर पेट्रोल बाहेर न सांडता इंजिनाच्या घशातच जावे, अशी सोय केलेली असते. पूर्ण कार्ब्युरेटर जवळ बाळगण्याचे कारण नाही. गॅस्केटचा संच, सुई व तिची बैठक आणि अॅक्सिलरेटर पंपाचा पडदा एवढे घरी असले की पुरे. संच मात्र इथेनॉल सोसणारा हवा.

इथेनॉल हा जुन्या बोटींना नंतरच्या काळात जडलेला त्रास आहे. अमेरिकेत बहुतांश पंपांवर दहा टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. ते हवेतील ओलावा शोषते आणि त्या जमान्यातील रबरी नळ्यांना आतून सोलते. नळीचे काळे कण गाळणीत साचतात. त्यामुळे पाणी वेगळे करणारा एक फिल्टर बोटीत आणि एक घरी, हे प्रमाण योग्य वाटते. फिल्टर बदलूनही वेग वाढविताच इंजिन दम टाकत असेल, तर टाकीवरील, पेट्रोल आपोआप वाहू न देणारी छोटी झडप तपासावी. ती गंजून अर्धवट अडकते आणि दोष कार्ब्युरेटरच्या नावे जमा होतो. पेट्रोलच्या नळ्या हा ‘सुटा भाग’ म्हणून ठेवण्याचा प्रकार नव्हेच. त्या वीस वर्षांच्या झाल्या असतील तर आजच बदलाव्यात.

इंजिनाच्या कप्प्यातील वाफ बाहेर फेकणारा विजेचा पंखा म्हणजे ब्लोअर. ३१ जुलै १९८० नंतर बांधलेल्या पेट्रोल बोटींना तो कायद्याने आवश्यक झाला आणि इंजिन सुरू करण्यापूर्वी चार मिनिटे तो चालवावा, अशी सूचना चावीजवळ लावलेली असते. त्याआधीच्या बोटीत तो नसेल तर बसवून घेणे इष्ट. त्याची मोटर जळते, तेव्हा आवाज थांबण्यापलीकडे काहीच घडत नाही. बोट पूर्ववत चालत राहते. त्यामुळेच हा बिघाड दुर्लक्षिला जातो. एक जादा ब्लोअर घरी असावा. अग्निशामकही पाहून घ्यावा. अमेरिकी तटरक्षक दलाच्या २० एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या नियमानुसार, एकदाच वापरण्याजोगा अग्निशामक उत्पादनापासून बारा वर्षांनी बाद होतो. जुनी बोट विकत घेताना तिच्यासोबत मिळालेला अग्निशामक बहुधा या मुदतीपलीकडचा असतो.

शाफ्ट आणि प्रोपेलर

शाफ्ट तळातून जेथे बाहेर पडतो, तेथे पाणी अडविण्यासाठी मेण किंवा ग्रीस भरलेल्या दोरीची कडी एका नटाखाली आवळलेली असतात. कोकणातील मासेमारीच्या ट्रॉलरवरही शाफ्टपाशी याच तत्त्वाची व्यवस्था असते. शाफ्ट फिरत असताना येथून थेंब थेंब पाणी येणे योग्यच, कारण तेच त्या दोरीला थंड ठेवते. धार लागली तर नट थोडा आवळावा. आवळूनही थांबत नसेल तर दोरी संपली असे समजावे. दोरीचे माप बोटीनुसार बदलते. ते वहीत असावे आणि दोरी घरी असावी. पाण्यात असताना हे काम अंगावर घेऊ नये. सुकाणूच्या दांड्याभोवतीही अशीच दोरी असते, ती बहुतेकजण विसरतात.

प्रोपेलर बोटीच्या पोटाखाली लोंबतो, त्यामुळे वाळूचा उथळ पट्टा किंवा बुडालेला ओंडका त्यालाच प्रथम भेटतो. दुसरा प्रोपेलर घेणे महाग पडते. मात्र वाकलेला प्रोपेलर कारागिराकडून सरळ करून मिळतो. तेव्हा पहिल्या अपघातानंतर दुसरा घ्यावा आणि दुरुस्त केलेला जपून ठेवावा. घेताना व्यास व पीच यांबरोबर तो डावा की उजवा, हे पाहावे. तो शाफ्टच्या निमुळत्या टोकावर घट्ट बसलेला असतो आणि ओढून काढण्याच्या साधनाशिवाय निघत नाही. हातोडा चालविल्यास शाफ्टच वाकतो. शाफ्टची चावी, नट व पिन यांचा जादा जोड मात्र बोटीत असावा, कारण पाण्यात उभे राहून काम करताना निसटलेला नट सरोवराच्या मालकीचा होतो.

किरकोळ म्हणून टाळू नयेत

तळातील पाणी सोडण्याचे बूच हा सर्वांत स्वस्त भाग. बोट ट्रेलरवरून पाण्यात ढकलल्यावर बूच घरीच राहिल्याचे लक्षात येणे, हा प्रत्येक सरोवराच्या धक्क्यावर सांगितला जाणारा विनोद आहे. एक जादा बूच चावीच्या जुडग्यालाच अडकविलेले बरे. स्टेनलेस स्टीलच्या होज क्लिप दोन-तीन मापांच्या, थोडी जादा नळी, फ्यूज, विजेची तार, चिकटपट्टी, दोन स्पार्क प्लग, इंजिन तेल आणि गिअरबॉक्सचे तेल, हे सारे एका बुटांच्या खोक्यात मावते. तळातील पाणी उपसणारा पंप व त्याचा तरंगता स्विच घरी असावा. इंजिनाकडून डॅशबोर्डकडे जाणाऱ्या तारांचा मोठा गोल जोड जुन्या बोटींत हिरवा पडतो आणि सर्व काटे एकाएकी नाचू लागतात. त्याला नवा भाग लागत नाही, तारा साफ करण्याचा फवारा लागतो.

स्टार्टर अजिबात फिरत नसेल तर सोलेनॉइड बदलण्यापूर्वी गिअरचा दांडा थोडा मागेपुढे करून पाहावा. दांडा न्यूट्रलमध्ये आहे की नाही हे सांगणारा स्विच झिजला की बोट सुरू होण्यास नकार देते.

सुकाणूची केबल हा मात्र वेगळा विषय. ती एका दिवसात तुटत नाही, दोन-तीन हंगाम जड होत जाते. जुन्या नमुन्यांची नेमकी लांबी सहज मिळत नाही. चाक फिरविण्यास जोर लागू लागला की त्याच वर्षी केबल मागवावी.

काय साठवू नये

जुन्या बोटीचे काही मालक गॅरेजची दुकाने करून ठेवतात. इम्पेलर, पट्टे व नळ्या यांना वय असते. कपाटात दहा वर्षे पडलेला इम्पेलर दिसायला नवा, स्पर्शाला मात्र कडक असतो. रबरी भाग एका हंगामापुरतेच घ्यावेत. वर्षारंभी नवा इम्पेलर आणून डब्यातील आधीचा बसवावा, म्हणजे साठा आपोआप ताजा राहतो. पिस्टन, व्हॉल्व्ह, गिअरबॉक्सच्या चकत्या हे भाग साठविण्यात अर्थ नाही. ते लागले तर बोट तशीही कार्यशाळेतच जाणार. पूर्ण जादा इंजिन सवंगात मिळते म्हणून घेणाऱ्यांनी त्याची फिरण्याची दिशा आधी पाहावी. तळाखालचे लाकडी आधार कुजले असतील तर त्यावर कोणताही सुटा भाग चालत नाही. ती तपासणी बोट घेतानाच व्हावयास हवी.

हिवाळ्याची पिशवी

बर्फ पडणाऱ्या राज्यांत हंगामाअखेरचे काम या यादीत येते, कारण तेथेही काही भाग लागतात. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि इंजिनात राहिलेले पाणी लोखंडी ब्लॉक फोडते. त्यासाठी ब्लॉकच्या दोन्ही बाजूंची, मॅनिफोल्डची आणि खालच्या नळ्यांची पितळी बुचे काढून सर्व पाणी सोडले जाते. बूच काढले आणि पाणी आले नाही, तर आत गाळ बसला आहे असे समजून तारेने छिद्र मोकळे करावे. पाणी न येणे म्हणजे पाणी नसणे नव्हे. कित्येक इंजिने याच गैरसमजाने फुटलेली आहेत. इम्पेलरही काढून ठेवावा, नाही तर पाकळ्या सहा महिने वाकलेल्या स्थितीत राहून तशाच आकाराच्या होतात.

काढलेली बुचे पुन्हा न बसविता तशीच ठेवण्याची प्रथा आहे. एक-दोन जादा बुचांसह ती सारी एका पिशवीत घालून ती पिशवी बोटीच्या चाकालाच बांधली जाते, म्हणजे वसंतात चावी फिरविण्यापूर्वी तिला हात लागल्याशिवाय राहत नाही.